राखाडी किल्ली, निळा कोट

आ-मू,

पत्र लिहायचं म्हणजे पत्ता हवा, आणि तुझा ताइतुंगचा पत्ता माझ्याकडे नाही. तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं, "समुद्राकडच्या उतारावर तिसरं घर, फाटकापाशी पपई." याला पत्ता म्हणतात? पोस्टमनने काय पपया मोजत हिंडायचं? तरी लिहिते आहे. मला शहात्तर पूर्ण झाली, तू सत्तरीला आलास, आणि एक गोष्ट मी तुला आठ वर्षांत सांगितलेली नाही. वेळ झाला नाही, असं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे.

पण आधी तुझ्याबद्दल. तू स्वतःविषयी एक वाक्य धड पुरं करत नाहीस, तेव्हा मीच करते.

देवळामागच्या गल्लीत, टर्कीभाताच्या दुकानाला खेटून तुझी ती टपरी. दार इतकं अरुंद की जाड माणसाने एक तर स्वतः आत यावं, नाहीतर कॉम्प्युटर आत सरकवावा. फळ्यांवर चहाचे रिकामे डबे, प्रत्येकावर कागदी चिकटपट्टी, पट्टीवर गिऱ्हाइकाचं नाव. 'बदकवाली'. 'देवळाचा भोंगा'. 'दात काढणारे डॉक्टर, मोठे'. 'दात काढणारे डॉक्टर, धाकटे'. ज्याच्या यंत्राचे स्क्रू, त्याच्या डब्यात. माझ्या डब्यावर तू 'घाईवाली ताई' लिहिलं होतंस. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि काही बोलले नाही, कारण मला घाई होती.

तुझी शाळा सहावीला सुटली. तेव्हा पुढच्या शाळेत जायला परीक्षा द्यावी लागे. तू पास झाला होतास, हे आधी तुझ्या बायकोने सांगितलं, तू नाही. त्याच उन्हाळ्यात वडिलांचा पाय उसाच्या आगगाडीखाली गेला आणि तुला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चिकटवला. रेडिओवरून टीव्ही, टीव्हीवरून नाणं टाकून खेळायची यंत्रं, तिथून कॉम्प्युटर. कोणी शिकवलं नाही. "उघडलं की दिसतं," एवढंच तू म्हणायचास. मी कॉलेजात चार वर्षं गृहविज्ञान शिकलेली बाई, मला ते ऐकून राग यायचा. उघडलं की दिसतं, तर आमच्या बापाने फी कशाला भरली?

आणि तुझी ती रीत! यंत्राला हात लावायचा नाही. आधी माणसाला स्टुलावर बसवायचं, हातात कोहळ्याचा गार चहा द्यायचा आणि विचारायचं, "बिघडायच्या आधी काय बदललं?" गिऱ्हाईक म्हणणार, "काही नाही हो, आपोआप बिघडला." मग तू, "आपोआप? बरं. चहा घ्या, आठवेल." आणि खरंच अर्ध्या पेल्यात आठवायचं. बदकवालीला आठवलं की तिने यंत्र पुसायला नळीने पाणी मारलं होतं. हे सगळं तू भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवायचास. रोज एक पान फाडायचं, मागच्या बाजूला एका माणसाची हकिकत.

माझं दुकान दोन गल्ल्या सोडून. पत्र दुसऱ्या कोणाच्या हातात पडलं तर कळावं म्हणून सांगते: शाळेच्या सदऱ्यांवर मुलांची नावं आणि नंबर भरून देणं, हा आमचा धंदा. सासूबाईंनी पायाच्या मशीनवर सुरू केला. या शाळेचा धागा पिवळा, त्या शाळेचा निळा, कुणाचा नंबर खिशाच्या वर, कुणाचा कॉलरखाली. सासूबाईंच्या हाताचं वळण वेगळं होतं. त्यांचा सात पाहिलायस ना? वरची दांडी थोडी झुकलेली, जणू नमस्कार करतोय. भरतकामाचं यंत्र घेतलं तेव्हा ते विकणाऱ्या माणसाने स्वतः एक प्रोग्राम लिहून दिला, आणि मी चार उन्हाळे बसून सासूबाईंची तीन हजार चिनी अक्षरं एकेक टाका करून त्यात उतरवली. त्या स्वतः शेजारी बसून चुका काढायच्या. प्रोग्राम लिहिणारा माणूस पुढे परदेशात गेला आणि तिथेच वारला. म्हणजे अख्ख्या जगात ती अक्षरं एका डिस्कवर होती, आणि ती उघडणारा प्रोग्रामही त्याच डिस्कवर.

आणि एका शनिवारी सकाळी त्या कॉम्प्युटरने धूर सोडला. धूर म्हणजे बारीक रेघ, पण वास जळक्या माशाचा. शाळा उघडायला सोळा दिवस होते. दुकानात सहाशे चाळीस सदरे होते.

तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. मी यान-त्सोला फोन केला. माझ्या बहिणीचा मुलगा, शिंचूला चिपच्या कारखान्यात इंजिनियर. पदवी आहे म्हणजे येत असणारच, असं मला वाटलं. शिकलेल्या बायकांना ही खोड असते.

तो दुपारच्या गाडीने आला. "मावशी, हा मेला," म्हणाला. "पण डिस्क ठीक वाटते. नवीन कॉम्प्युटर घेऊ आणि डिस्क त्यात बसवू. तासाभराचं काम."

"नवीन? सातव्या महिन्यात?"

"मावशी, तू कॉलेजात गेलेली ना?"

"मी गेलेली, सासूबाई नव्हत्या गेलेल्या. पितर फिरत असताना नवीन यंत्र उंबऱ्याच्या आत आणलं तर त्या फोटोतून खाली उतरतील. मला सहाशे चाळीस सदरे भरायचेत, त्यांच्याशी वाद घालायला सवड नाही."

मग त्याने बहिणीच्या घरातून स्वतःचा जुना कॉम्प्युटर आणला. जळकं खोकं उघडून डिस्क काढता काढता म्हणाला, "मावशी, मागच्या बाजूला हे काय चिकटलंय? आगपेटीएवढं, राखाडी. स्क्रूने आवळलंय."

मी सदरे शाळावार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "प्रिंटरचं असेल काहीतरी. प्रिंटर मरून दहा वर्षं झाली. राहू दे तिथेच, कचरा आहे."

"नक्की?"

"यान-त्सो, मला काम आहे."

हीच ती गोष्ट, आ-मू. पुढे ऐक.

डिस्क त्याच्या कॉम्प्युटरात बसवली, चालू केला. काळा पडदा, त्यावर पांढरी ओळ: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. बंद केला, चालू केला, तेच. त्याने वर हिरव्या पाकिटातला नारळाचा खाऊ आणून ठेवला, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. त्याच्या कारखान्यातसुद्धा ठेवतात म्हणे. तेच. रविवारी दुपारपर्यंत त्याने जे जे दाबता येईल ते दाबलं, आणि शेवटी म्हणाला, "मावशी, डिस्क पुसून नवीन सिस्टिम टाकतो. दुसरा इलाज नाही."

"आणि अक्षरं?"

"अक्षरं नवीन मिळतात गं. शेकड्याने. फुकट."

त्याचं बोट बटणावर गेलं होतं. मी लाकडी फूटपट्टी उचलली आणि त्याच्या हातावर मारली. छत्तीस वर्षांच्या इंजिनियरला. तो रुसून संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

मंगळवारी मी दुकानाचा पुढचा भाग साफ केला, कारण बुधवारी त्या महिन्याचा पंधरावा दिवस, दारात पितरांचं टेबल मांडायचं. तिथे ते जळकं खोकं पडलेलं. पितरांपुढे फळं ठेवायची ती काय भंगाराला टेकून? भंगाराच्या गाडीचं गाणं ऐकू आलं, मी खोकं उचललं आणि चढवून दिलं. हात झटकले. मला बरं वाटलं, खरं सांगते. अडगळ गेली की मला नेहमीच बरं वाटतं.

बुधवारी सकाळी तुझ्याकडे आले. तू स्टूल पुढे केलंस.

"बसत नाही. चल दुकानात."

"बसा हो ताई. बिघडायच्या आधी काय बदललं?"

"काय बदललं म्हणजे? सगळंच बदललं! डिस्क एका खोक्यातून काढून दुसऱ्यात घातली."

"आणि जुनं खोकं?"

"ते मेलंय. मेलेल्याचं काय करायचंय तुला? उठ आता."

तू काहीतरी लिहिलंस, पान फाडून खिशात ठेवलंस आणि हेल्मेट घेतलंस.

दुकानात येऊन पहिलं काय केलंस? ते हिरवं पाकीट उचललंस, उलटं केलंस आणि तारीख वाचलीस. "ताई, हे एप्रिलमध्येच संपलंय."

"तूसुद्धा?"

"माणसाला शिळं वाढलं तर तो तरी काम करेल का?" म्हणालास आणि कोपऱ्यावरून ताजं पाकीट घेऊन आलास. मी कपाळावर हात मारला. मग डिस्क बाहेर काढलीस, स्वतःची एक रिकामी डिस्क काढलीस, दोन्ही एका डबीला जोडल्यास आणि हात बांधून बसलास. डबीवरचा दिवा लुकलुकतोय आणि तू पेरू खातोयस.

"आता काय?"

"नक्कल निघतेय."

"किती वेळ?"

"तीन तास."

"बिघडलेल्याची नक्कल बिघडलेलीच निघणार ना?"

"बिघडलेली नाही ती, ताई. परक्या घरात आलीय. जुन्या घरात पाणी कुठे, मीठ कुठे, सगळं पाठ होतं. इथेही तसंच डोळे मिटून हात घालते आणि हात भिंतीवर आपटतो. तिला मारायचं नाही, घर तिच्या सवयीचं करायचं. आणि माझ्या हातून काही चुकलं तर नक्कल चुकेल, मूळ तसंच राहील."

मला हे तीन दिवस आधी कोणी सांगितलं असतं तर फूटपट्टी वाचली असती. पण तीन तास! बाहेर टेबल मांडलं, फळं लावली, उदबत्त्या पेटवल्या, शेजारणीशी भांडले, आत आले. तू दुसरा पेरू खात होतास.

नक्कल झाली. ती कॉम्प्युटरात बसवलीस, एक बटण दाबून धरलंस आणि निळ्या-करड्या याद्यांच्या पानावर गेलास. मी मागे उभी. तू म्हणालास, "हा कॉम्प्युटर नव्या रीतीने डिस्कला हाक मारतो. हिला ती हाक कळत नाही, म्हणून ही ओ देत नाही. आणि हा म्हणतो, घरात कोणी नाहीच." यादीत एका ठिकाणी 'नवी रीत' होती तिथे 'जुनी रीत' केलीस. पुन्हा चालू केला. काळा पडदा गेला, सिस्टिमचं चित्र आलं, माझा जीव भांड्यात पडला, आणि पडदा निळा झाला. निळा, त्यावर पांढरी अक्षरं, डोळा लवेपर्यंत गायब, कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा निळा. पुन्हा सुरू.

"बरं झालं," तू म्हणालास.

"बरं? काय बरं झालं? गेलं सगळं!"

"आधी दाराबाहेर होती. आता उंबऱ्यावर येऊन अडखळतेय. निळ्यावर शेवटी आकडा काय आहे, वाचता येतंय?"

"इतक्या पटकन कोण वाचणार?"

"घाई तुम्हालाच जमते, ताई. वाचा."

चार वेळा निळा होऊ दिलास तेव्हा मी तो आकडा वाचला. सात आणि पुढे बी. तू मान डोलावलीस, जणू ओळखीच्या माणसाचं नाव ऐकलं. सिस्टिम दारातून आत आली, पण स्वतःचं सामान जिथून उचलायचं ती डिस्कच तिला दिसत नाही, असा त्याचा अर्थ, म्हणालास. याद्यांच्या पानावर परत गेलास, डिस्कशी बोलायची भाषाही जुनी केलीस. तरीही निळा. मग खिशातून एक ओरखडलेली सीडी काढलीस, तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू केलास आणि डिस्कच्या पोटात शिरून जुन्या घराची एक खूण खोडलीस, सगळ्या घरांना चालेल अशी साधी खूण लिहिलीस. हे मी बघत होते, पण मला सांगता येणार नाही. मी गृहविज्ञानवाली.

साडेचारला पडद्यावर माझी हिरवी टेकडी आली, वर निळं आभाळ, तीच, रोजची. मी तिच्याकडे कधी धड पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"भर आता," मी यंत्राला म्हणाले. "एक सदरा तरी भर." मीच प्रोग्राम उघडला.

पडद्यावर छोटी चौकट आली. किल्ली सापडत नाही.

"कसली किल्ली?" मी म्हणाले.

तू म्हणालास, "तेव्हाचे लोक प्रोग्राम चोरीला जाऊ नये म्हणून एक तुकडा द्यायचे. प्रिंटरची तार लागते त्या जागी लावायचा. तो असला तरच प्रोग्राम उघडतो. राखाडी असायचा बहुतेक. आगपेटीएवढा."

आ-मू, जळकं खोकं जिथे पडलेलं होतं तिकडे मी पाहिलं. जागा मीच पुसून लख्ख केली होती.

"जुनं खोकं कुठाय, ताई?"

"गाडीत दिलं. काल."

बाहेर टेबलावरच्या उदबत्त्या संपत आल्या होत्या. तू उठून त्यांच्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "आज तिथे कोणी नसेल, सगळे पूजेला. उद्या आठला येतो. हेल्मेट तयार ठेवा." आणि आपलं सामान पिशवीत भरून गेलास. "टाकायच्या आधी विचारायचं ना," असं म्हणाला असतास तर मी तुझ्यावर ओरडले असते आणि मोकळी झाले असते. तू तेवढीही सोय ठेवली नाहीस.

गुरुवारी तुझ्या स्कूटरवर मागे बसून निघाले. भंगार निवडायच्या शेडमध्ये ती म्हातारी, आ-लुआन काकू, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, प्लॅस्टिकच्या पाटावर बसून हातोडीने कॉम्प्युटर फोडत होती. शेजारी पत्र्याचा डोंगर.

"परवाचं खोकं? देवळामागून आलेलं?" ती म्हणाली. "ते सोललं की काल सकाळी. काय हरवलंय? सोनं?"

"राखाडी तुकडा," तू हाताने माप दाखवलंस. "प्रिंटरच्या जागी लावायचा."

"बटनं असतात तसलं?"

"बटनं नाहीत. दोन्हीकडे दात."

"मग तसं सांग ना. दात असलेलं सगळं डब्यात." तिने पायाने बिस्किटांचा एक भला मोठा पत्र्याचा डबा पुढे ढकलला. तू तो तिथेच जमिनीवर ओतलास. चारशे-पाचशे दातवाले तुकडे. आपण तिघं उकिडवे बसून निवडायला लागलो, माझे गुडघे काय म्हणत होते ते सोड. आणि ती म्हातारी मला म्हणते कशी, "इतकं कामाचं होतं तर टाकलंस कशाला गं?"

मी म्हणाले, "मी नाही. भाच्याने काढलं नाही. या शिकलेल्या पोरांचं लक्ष कुठे असतं!"

असं म्हणाले मी. तुझ्या तोंडावर. यान-त्सोने विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि मी त्याला कचरा आहे म्हणून गप्प केलं होतं. आणि तिथे बसून त्याच्या नावावर घातलं. तू मान खाली घालून निवडत राहिलास. "असतं असं," म्हणालास.

किल्ली तुलाच सापडली. तिच्यावर माझ्याच हाताने चिकटवलेली कागदाची चिठ्ठी होती, निम्मी फाटलेली: काढू नये. माझंच अक्षर. तू वाचलीस आणि माझ्या हातात दिलीस. आ-लुआन काकूला मी आदल्या दिवशीच्या टेबलावरची चार सफरचंदं आणि अननस दिला. ती म्हणाली, अननस आंबट आहे.

दुकानात आलो तर पुढची पंचाईत. यान-त्सोच्या कॉम्प्युटरला मागे प्रिंटरची जागाच नाही. मी खुर्चीत बसले. तू मात्र खोकं उघडून आत बॅटरी मारलीस आणि हसलास. तुला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असेन. आतल्या सर्किटच्या पाटीवर पिनांच्या दोन ओळी होत्या, कोणीच न वापरलेल्या. बनवणाऱ्याने जागा ठेवली होती, दार तेवढं काढलं नव्हतं. "नवाकोरा आणला असता ना, ताई, तर हे मिळालं नसतं. आता बनवतच नाहीत." टपरीवर जाऊन कुठल्याशा डब्यातून एक चपटी तार घेऊन आलास, एका टोकाला प्रिंटरच्या तारेचं ते भोक. लावलीस. किल्ली लावलीस, दोन्ही स्क्रू आवळलेस.

सासूबाईंच्या फोटोकडे मी पाहिलं. नवीन यंत्र आणू दिलं नाही ते बरंच केलं, असा चेहरा होता. नेहमी तसाच असतो.

प्रोग्राम उघडला. मी हाताला येईल तो सदरा लावला. सुई खाली गेली, टक टक टक, आणि पिवळ्या धाग्याने नंबर उमटायला लागला. मधला आकडा सात. वरची दांडी झुकलेली. तू वाकून, अगदी नाक लावून तो सात पाहिलास. यंत्र थांबलं तरी पाहत होतास.

अकरा दिवसांत सहाशे चाळीस सदरे गेले. सगळे. एकही मुलगा शाळेत सदऱ्याशिवाय गेला नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी तू आलास, घडी घातलेला निळा कोट घेऊन. तुझा कामाचा, इस्त्री केलेला. मी विचारलं होतं तुझं काय द्यायचं, त्याचं उत्तर घेऊन आला होतास.

"ताई, यावर माझं नाव भरून द्याल? सासूबाईंच्या अक्षरात."

"आ-मू?"

"छे. पूर्ण. वेंग सुंग-मू."

"आण इकडे. दहा मिनिटांचं काम."

"खाली नंबरपण हवा."

"नंबर शाळेचा असतो. तुझी कुठली शाळा?"

तू चष्मा काढून पुसत बसलास. "परीक्षा पास झालो तेव्हा शाळेच्या भिंतीवर यादी लागली होती. त्यात नंबर होता माझा. मी पाहिला होता, बापाबरोबर जाऊन. नीट आठवत नाही आता. सात होता त्यात, एवढं नक्की."

"कितवा? पुढे की मागे?"

"आठवून सांगतो."

"चहा घे," मी म्हणाले, "आठवेल."

तू कितीतरी हसलास. पण आठवला नाही. पुढच्या वर्षी हिरवं पाकीट बदलायला आलास तेव्हा विचारलं, "आठवला?" तू म्हणालास, "पहिला तीन असावा." त्याच्या पुढच्या वर्षी म्हणालास, तीन नसावा. मी नाव तरी भरते म्हणाले तर तू नको म्हणालास, आणि तेही बरोबरच आहे. नाव आणि नंबर एका दमात भरायचे असतात. कापड एकदा काढून पुन्हा लावलं की ओळ तिरकी येते. हे मला सासूबाईंनी शिकवलं, तुला कोणी शिकवलं कोण जाणे.

या मार्चमध्ये टपरी रिकामी केलीस, मुलीकडे ताइतुंगला निघालास. सगळ्यांना त्यांचे त्यांचे डबे वाटलेस. बदकवाली रडली. माझ्या हातात माझा डबा ठेवलास आणि म्हणालास, "घाईत उघडू नका." मी अर्थात गल्लीच्या तोंडाशीच उघडला. डिस्कबरोबर आलेले जळक्या कॉम्प्युटरचे तीन स्क्रू, आणि घडी घातलेलं कॅलेंडरचं एक पान. सातव्या महिन्याचा पंधरावा दिवस. मागे तुझं ते कोंबडीच्या पायासारखं अक्षर: 'डिस्क हलवली. जुनं खोकं? ताई टाळतात. टाकलंय वाटतं.'

म्हणजे स्टुलाशी उभं राहून मी तुला उठवत होते तेव्हाच तुला कळलं होतं. शेडमध्येही कळलं असणार. तरीही सांगते, कारण तुझं कळणं वेगळं आणि माझं सांगणं वेगळं: ते मी टाकलं होतं. यान-त्सोने विचारलं होतं. त्याला मी गेल्या नववर्षाला सांगितलं, तो म्हणाला, "मावशी, फूटपट्टीचंही सांग मग." तेही सांगून टाकलं.

पत्ता मिळाला की हे टाकीन. तुझी बायको आता सांगते की पपईचं झाड वादळात पडलं, म्हणजे उरला तो पत्ताही गेला.

कोट खुंटीवर आहे. धागा पिवळा काढून ठेवलाय, तू पास झालास त्या शाळेचा अजून पिवळाच आहे. नंबर कळव.